वाचकांचे प्रश्न : पिंगळा, रानपिंगळा आणि लाल यादी

मागील अंकात रानपिंगळ्यावर एक छोटी टीप प्रसिद्ध झाली होती. हा पक्षी १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि आज त्याची नोंद 'संकटग्रस्त' म्हणून होते, एवढाच तिचा आशय होता. टीप लहान असूनही तिच्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांतील प्रश्न आणि त्यांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आवारातील जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत लहान घुबडांची एक जोडी राहते. आपली टीप वाचल्यापासून ती जोडी रानपिंगळ्याचीच आहे, असे मुलांनी ठरवून टाकले आहे. सोबत दोन छायाचित्रे पाठवीत आहे. पिंगळा आणि रानपिंगळा यांतील फरक खात्रीने कसा ओळखावा?
(एक शिक्षिका, शहादा तालुका, जि. नंदुरबार)

उत्तर : मुलांचा हिरमोड करणे जिवावर येते, पण आपल्या कडुनिंबावरील जोडी नेहमीच्या पिंगळ्याचीच आहे. पहिल्या छायाचित्रात पक्ष्याने मान खाली घातली असल्यामुळे त्याचा माथा पूर्ण दिसतो, आणि त्या माथ्यावर तांदळाची कणी उधळावी तसे बारीक पांढरे ठिपके पसरलेले आहेत. मानेभोवती अर्धवट पांढरी पट्टीही स्पष्ट दिसते. दुसऱ्या छायाचित्रात छातीपासून पोटापर्यंत तुटक तपकिरी खुणा उतरत गेल्या आहेत. एवढ्यावर निर्णय देता येतो.

रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ एकरंगी, राखट तपकिरी असतो. ठिपके असलेच तर इतके पुसट की दुर्बिणीतूनही शोधावे लागतात. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी दिसतो आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो, त्यामुळे समोरून पाहताना पक्ष्याने तपकिरी बंडी घालून ती पोटावर उघडी सोडली आहे, असा भास होतो. पंखांवर व शेपटीवर रुंद, ठळक पट्टे असतात आणि शेपटीचे टोक पांढरे असते. पायांवर नख्यांपर्यंत दाट पांढरी पिसे असतात. डोके व चोच शरीराच्या मानाने मोठी वाटतात आणि नख्याही पिंगळ्याहून दणकट असतात. आकारावर मात्र विसंबू नये. पिंगळा सुमारे २१ सेंटिमीटर, तर रानपिंगळा सुमारे २३ सेंटिमीटर. वीस फूट उंचीवर बसलेल्या पक्ष्याच्या बाबतीत दोन सेंटिमीटरचा फरक कोणाच्याही डोळ्याला कळत नाही, आणि थंडीत पिसे फुलवून बसलेला पिंगळा भल्याभल्यांना चकवतो.

वागणुकीतील फरक अधिक बोलका आहे. पिंगळा मुख्यतः संध्याकाळी व रात्री शिकार करतो, आणि दिवसा ढोलीच्या तोंडाशी किंवा दाट पानांत जोडीने बसून राहतो. रानपिंगळा दिवसाचा पक्षी आहे. मेळघाटात एका जानेवारीत मी पाहिलेला रानपिंगळा सकाळी नऊच्या सुमारास, ऊन चांगले वर आलेले असताना, पाने गळलेल्या एका सलईच्या टोकावर बसला होता. खालच्या गवतात काहीतरी हलले तशी त्याची शेपूट डावीकडून उजवीकडे झटके देऊ लागली आणि दुसऱ्याच क्षणी तो दगडासारखा खाली पडला. वर आला तेव्हा पायात एक सापसुरळी होती. शेपटीचे हे आडवे झटके रानपिंगळ्याची मोठी खूण आहेत. पिंगळा उत्तेजित झाला की प्रामुख्याने मान खालीवर करतो, हे आपल्या मुलांनी पाहिलेच असेल. तरीही केवळ दिवसा दिसला म्हणून पक्षी रानपिंगळा ठरत नाही, कारण पिल्लांना चारा घालण्याच्या दिवसांत पिंगळाही भर दुपारी बाहेर पडतो.

नावांचा एक घोळ येथेच दूर केलेला बरा. सातपुड्यात तिसरे एक लहान घुबड आढळते. त्याच्या डोक्यापासून पोटापर्यंत बारीक आडव्या रेघा असतात आणि त्याला पुस्तकांत बहुधा 'जंगली पिंगळा' म्हणतात. रानातला पिंगळा म्हणून काही जण त्यालाच रानपिंगळा म्हणतात, आणि त्यामुळे रानपिंगळ्याच्या अनेक उत्साही नोंदी पुढे बाद होतात. जंगली पिंगळा वेगळ्या प्रजातीचाच नव्हे, तर वेगळ्या कुळशाखेचा पक्षी आहे.

पिंगळा आणि रानपिंगळा यांचे नाते मात्र खरोखर जवळचे आहे. रानपिंगळ्याचे प्रथम वर्णन करणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना तो इतका निराळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी हेटेरोग्लॉक्स हा स्वतंत्र वंश, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, निर्माण केला. पुढे कोणी त्याला पिंगळ्याच्या अथेनी या वंशात घातले, तर हाडांची ठेवण व सवयी पाहून कोणी पुन्हा बाहेर काढले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या जनुकीय अभ्यासाने तो अथेनी घराण्यातीलच असल्याचे दाखवले. आपल्या विद्यार्थ्यांना एवढे सांगावे की त्यांच्या कडुनिंबावर रानपिंगळा नसला तरी त्याचा सख्खा नातलग आहे, आणि त्याचे निरीक्षण रोज करता येणे ही रानपिंगळ्याच्या संशोधकांनाही सहज न मिळणारी सोय आहे.

प्रश्न : शंभरहून अधिक वर्षे एखादा पक्षी, तोही दिवसा उघड्यावर बसणारा, महाराष्ट्रासारख्या राज्यात कोणालाच दिसू नये, हे पटत नाही. यामागे काही बनवाबनवी होती, असे वाचनात आले. ती काय होती?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : बनवाबनवी होती आणि ती एका मान्यवर माणसाने केली होती.

रानपिंगळ्याचा पहिला नमुना डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांनी मिळवला. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे वर्णन करताना ब्लेविट यांचेच नाव पक्ष्याला दिले. त्यानंतर ओडिशातील खरियारजवळ एक नमुना मिळाला आणि १८८० ते १८८४ या काळात मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात, शहादा-तळोदा परिसरात, आणखी काही मिळवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने, एवढीच या पक्ष्याची ओळख होती.

यानंतर येतो १९१४ सालचा नमुना. रिचर्ड माइनर्टझागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो गुजरातमध्ये तापीकाठच्या मांडवी येथे मिळवल्याची चिठ्ठी त्यावर होती. माइनर्टझागन यांचा पक्षिशास्त्रात दबदबा असल्यामुळे ही नोंद ग्रंथांत शिरली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात तो नमुना बारकाईने तपासला. पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या कातड्यावर ते तयार करणाऱ्याची हातोटी उमटलेली असते. कापूस कोठे ठासला, कवटी कशी साफ केली, टाके कोठे घातले, यावरून जाणकाराला कारागीर ओळखता येतो, जसा विणीवरून विणकर ओळखता यावा. क्ष-किरण चित्रांत जी हातोटी दिसली ती डेव्हिडसन यांची होती. डेव्हिडसन यांचा एक नमुना ब्रिटिश संग्रहालयातून नाहीसा झाला होता. तोच उसवून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी बांधून मांडवीचा म्हणून सादर करण्यात आला होता. हा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला.

या चोरीमुळे पक्ष्याचे प्रत्यक्ष नुकसान काय झाले, असा प्रश्न आपल्या मनात येईल. खोटी नोंद बाजूला काढल्यावर शेवटची विश्वसनीय नोंद १९१४ ऐवजी १८८४ ची ठरली आणि शोध कोठे घ्यायचा याचा नकाशाही बदलला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनी पूर्वी घेतलेला शोध निष्फळ ठरला होता. खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे १९९७ मध्ये आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी आणि नंतर शहाद्याला गेले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी तेथील पायथ्याच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती.

तो कोणालाच दिसला नाही, हे मात्र आपण म्हणता तसे पटण्याजोगे नाहीच. सातपुड्यातील भिल्ल, पावरा, कोरकू गावकऱ्यांच्या नजरेसमोरून तो रोज उडत असणार. त्यांना कोणी विचारले नाही, आणि ज्यांच्या हातात वही होती त्यांना घुबड म्हटले की रात्रच आठवत होती, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझ्याकडील जुन्या पुस्तकात रानपिंगळा 'अतिसंकटग्रस्त' आहे आणि आपण 'संकटग्रस्त' लिहिता. पिंगळ्यापुढे तर 'चिंता नाही' असा शेरा आढळतो. यांपैकी बरोबर काय, आणि 'अति' गळून पडले ही आनंदाची बातमी समजावी काय?
(एक निवृत्त वनकर्मचारी, अमरावती)

उत्तर : आपले पुस्तक चुकीचे नाही, ते केवळ २०१८ पूर्वीचे आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, जगभरच्या प्रजातींची जी लाल यादी ठेवतो, तिच्यात रानपिंगळा २०१८ पर्यंत अतिसंकटग्रस्त होता. त्या वर्षी तो एक पायरी खाली येऊन संकटग्रस्त झाला. पिंगळा सर्वांत खालच्या, चिंता नसलेल्या पायरीवर आहे.

आनंदाबद्दल विचाराल तर उत्तर थोडे लांबेल. लाल यादीतील पायरी ठरवताना पक्षी किती सुंदर, किती दुर्मिळ किंवा किती प्रिय याचा विचार होत नाही. प्रौढ, वीण करू शकणारे पक्षी किती, ते वाढत आहेत की घटत, आणि ते एकत्र आहेत की लहान लहान तुकड्यांत विखुरलेले आहेत, हे पाहिले जाते. घटत असलेल्या आणि विखुरलेल्या प्रजातीचे प्रौढ पक्षी २५० पेक्षा कमी असतील तर ती अतिसंकटग्रस्त ठरू शकते, आणि २,५०० पेक्षा कमी असतील तर संकटग्रस्त. पुनर्शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी चौदा वनक्षेत्रे पालथी घातली, तेव्हा उत्तर महाराष्ट्र व नैऋत्य मध्य प्रदेशातील चार ठिकाणी मिळून अवघे २५ पक्षी त्यांच्या हाती लागले होते. त्या आकड्यावर 'अति' लावण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढच्या वीस वर्षांत मेळघाट, तोरणमाळ, यावल, मध्य प्रदेशातील खकनार व कालीभीतची जंगले अशी ठिकाणे एकामागून एक जोडली गेली. २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात तो सापडला आणि सातपुड्याचा हा रहिवासी सह्याद्रीच्या पायथ्यालाही आहे, हे प्रथमच कळले. त्यानंतर गुजरातच्या डांगमधील पूर्णा अभयारण्यातूनही त्याच्या नोंदी आल्या. हे सारे धरून प्रौढ पक्ष्यांचा अंदाज २५० ते ९९९ असा मांडला गेला, आणि अंदाजाचा खालचा आकडाच २५० वर पोहोचल्यामुळे पायरी बदलली.

याचा अर्थ एवढाच की आपले अज्ञान घटले. पक्षी वाढले, असा त्यातून मुळीच निष्कर्ष निघत नाही. लाल यादीतही त्याची संख्या घटती असल्याचेच नमूद आहे. आपण आयुष्यभर वनखात्यात काढले आहे, त्यामुळे पाणवठ्यावर मोजणीला बसणारी माणसे वाढली की मोजलेली जनावरेही वाढतात, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. कागदावरच्या या उतरणीचा एक धोका मात्र मला जाणवतो. धरणाचा, रस्त्याचा किंवा खाणीचा प्रस्ताव येतो तेव्हा 'आता तो तितकासा धोक्यात नाही' हे वाक्य फार सोयीचे ठरते.

कायद्याच्या दृष्टीने दोघांत फरक असला तरी तो लोक समजतात तेवढा मोठा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटिस करारातही तो सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे, तर पिंगळा दुसऱ्या परिशिष्टात आहे. पिंगळ्याला पकडणे, पाळणे किंवा विकणे हाही आपल्याकडे गुन्हाच आहे. दिवाळीच्या तोंडावर तंत्रमंत्रासाठी घुबडे पकडणारे दोहोंत फरक करीत नाहीत, हेही लक्षात ठेवावे लागते.

आता खरा प्रश्न असा की एकाच घराण्यातील दोन पक्ष्यांची अशी फारकत का व्हावी. पिंगळा इराणपासून व्हिएतनामपर्यंत पसरलेला आहे. शेताच्या बांधावर, पडक्या वाड्यात, रेल्वेच्या मालधक्क्यावर, शहरातल्या पिंपळावर, कोठेही त्याचे भागते. रस्त्याच्या दिव्याखाली जमणारे किडे टिपायलाही तो शिकला आहे. गावाशी असलेल्या या सहवासातूनच पहाटे येणाऱ्या पिंगळा जोशाला त्याचे नाव मिळाले. एका वेळी तो तीन-चार, कधी पाच अंडी घालतो. रानपिंगळ्याची अंडी बहुधा दोन. त्याला हवे असते ते साग, सलई, ऐन यांचे पानझडी, मोकळे जंगल. वीण होईल इतक्या रुंद ढोल्यांची जुनी झाडे. आणि खाली सरडे, सापसुरळ्या, उंदीर व नाकतोडे यांनी भरलेली, फार दाट नसलेली जमीन. असे सपाटीवरचे जंगल नांगराखाली आणणे सर्वांत सोपे असते. डेव्हिडसन यांनी ज्या शहादा-तळोदा पट्ट्यात नमुने मिळवले तेथे आज कापूस, ऊस, केळी आणि पपई उभी आहे. शेती आली तेथे पिंगळ्याला नवे घर मिळाले आणि रानपिंगळ्याचे घर गेले. जंगलातही वणवे, सरपणासाठी वाळल्या झाडांची तोड आणि पाण्याखाली जाणारी जमीन यांचा फटका रानपिंगळ्यालाच अधिक बसतो, कारण वाळलेले म्हणून तोडले जाणारे झाड बहुधा ढोलीचे झाड असते.

येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. जंगल जितके दाट तितके रानपिंगळ्याला चांगले, असे समजून मोकळ्या पानझडी रानाला 'अवनत वन' म्हटले जाते आणि तेथे खड्डे खणून रोपे लावली जातात. सलईची विरळ टेकडी हिरवी करणारा तो कार्यक्रम या पक्ष्याच्या फायद्याचा असेलच असे नाही.

प्रश्न : आम्ही बदलापूरला राहतो. तानसा जवळच आहे. रानपिंगळा हमखास दिसेल अशी नेमकी जागा व वेळ सांगाल का?
(दोन पक्षिनिरीक्षक मित्र)

उत्तर : वेळ सांगतो, जागा सांगत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, पाने गळू लागल्यावर, सकाळी उशिरापर्यंत फिरावे. अभयारण्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घ्यावा. त्याची मजुरी हाच या पक्ष्याचा गावाला होणारा रोकडा उपयोग आहे. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत त्याची वीण चालते, आणि परका नर आल्याच्या समजुतीने ढोली सोडून धावून येणारा पक्षी तेवढा वेळ शिकार करीत नाही.

प्रश्न : रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे. उंदरांसाठी आम्ही औषध ठेवतो. गेल्या वर्षी बांधावरील आंब्याखाली दोन पिंगळे मरून पडलेले आढळले. पिंगळा 'चिंता नसलेला' पक्षी आहे, तर यात काळजी करण्यासारखे काही आहे काय?
(एक शेतकरी, जि. जळगाव)

उत्तर : 'चिंता नाही' हा शेरा इराणपासून व्हिएतनामपर्यंतच्या सगळ्या पिंगळ्यांचा मिळून आहे, आपल्या बांधावरच्या जोडीचा नाही. आपल्या बांधावर ती जोडी गेली की त्या आंब्याभोवतीचे उंदीर खाणारे कोणी उरत नाही, आणि पिंगळ्याने ओकून टाकलेल्या, ढोलीखाली पडलेल्या गोळ्या फोडून पाहिल्या तर त्यांत उंदरांची हाडे आणि केस किती असतात ते आपणच पाहू शकाल.

ते दोन पक्षी कशाने मेले हे तपासणीशिवाय सांगता येणार नाही, पण विषाची शंका रास्त आहे. ब्रोमॅडिओलोनसारख्या, रक्त गोठू न देणाऱ्या औषधांनी उंदीर लगेच मरत नाही. तो चार-पाच दिवस मलूल होऊन उघड्यावर फिरतो. असा उंदीर पिंगळ्याला सहज सापडतो आणि विष त्याच्या पोटात जाते. आपला तालुका यावलच्या जंगलाला लागून आहे, आणि कडेच्या शेतात उंदरावर उतरणाऱ्या रानपिंगळ्यालाही हाच धोका आहे. त्याच्या बाबतीत दोन पक्षी म्हणजे एक अख्खी जोडी.

शक्य तेथे पिंजरे वापरावेत आणि बिळे बुजवून पाण्याने उंदीर बाहेर काढावेत. औषध ठेवावेच लागले तर ते बिळात खोल ठेवावे, रोज सकाळी बागेत फेरी मारून मेलेले व मलूल उंदीर गोळा करावेत आणि हातभर खोल पुरावेत. आंबा पोखरलेला आहे म्हणून तोडण्याचा विचार असेल तर मात्र थांबावे. ढोली रिकामी राहिली तर एक-दोन हंगामांत दुसरी जोडी तेथे येण्याची बरीच शक्यता असते.